वाखाचं शेपूट

नाथानं आसूड फिरवला. नुसताच सूंऽ झाला आणि टोकाची वादी मुरमावर आपटली. उतारावरच्या एकाही शेळीनं मान वर केली नाही.

त्यानं पुन्हा फिरवला. खांद्यात कळ गेली, आवाज मात्र ओली चिंधी झटकल्यासारखा.

घशाच्या ऑपरेशनात नाथाचा आवाज कायमचा गेला होता. आता गळ्याच्या भोकातून श्वास तेवढा शीळ घालायचा. सगळा जन्म हाकेवर वळलेला कळप मुक्या माणसाला जुमानेना. मागल्या आठवड्यात दोन करडं रानातच राहिली आणि बिबट्यानं नेली. ते कळल्यावर थोरला धनाजी आज सकाळीच नसरापूरहून वर आला होता.

"आबा, इकून टाकू," तो हळू आवाजात म्हणाला. "टेम्पोवाला खाली पाली गावात थांबलाय. म्या फोन केला की येतोय. ह्या कड्याकपारीत हाक न मारता कसं राखनार तुमी?"

नाथा आसूड गोळा करू लागला. पोरगं खोटं बोलत नव्हतं.

खोपटाच्या दारात बसलेली पारूबाई उठून आली. "आना हिकडं," म्हणत तिनं नवऱ्याच्या हातातून आसूड घेतला आणि टोकाची वादी बोटात वाकवून पाहिली. चामडं वाळून लाकडासारखं ताठ झालं होतं.

"ही कशी वाजंल? हिला वळायचंच ठावं न्हाई." आणि तिनं कोयत्यानं वादी तोडून टाकली.

नाथानं तोडलेला तुकडा उचलला. तिनं तिकडं लक्षच दिलं नाही. वळचणीला खोचलेला घायपाताचा वाख काढला, पाण्याचा हात लावला आणि मांडीवर वळून बारीक दोरी केली. ती आसुडाच्या टोकाला गाठ मारून बसवली. शेवटाचे धागे पिंजून मोकळे सोडले.

पहिल्याच फटक्याला दोरी उलटी फिरून नाथाच्या कानाला चाटून गेली.

"लांब झाली," पारूबाई म्हणाली. तिनं वीतभर कापली, पिळातली एक लडही काढून टाकली आणि टोक पुन्हा पिंजलं.

"आई, शेळ्या!" धनाजी ओरडला.

कळप ओढ्याकडं न वळता सरळ कड्याच्या अंगाला निघाला होता. पुढं बांडी शेळी, मागं सगळ्या. धनाजी धावायला लागला तसा पारूबाईनं त्याचा दंड धरला.

"पळू नगंस. तू पळलास तर त्याबी पळत्याल." मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "हाना वो. जोर नगा लावू. निस्तं मनगट सोडा."

नाथानं मनगट सोडलं.

कडाड् आवाजानं धनाजी जागीच दचकला. आवाज समोरच्या डोंगराला थडकून माघारी आला. बांडीनं चारी पाय रोवले आणि मान वळवून वर पाहिलं. नाथानं दुसरा फटका तिच्या बाजूच्या हवेत हाणला. ती फिरली आणि तिच्यामागं अख्खा कळप धोंड्यांवरनं उड्या मारत वर येऊ लागला.

या खेपेला खांद्यात कळ आली नव्हती. हे नाथाच्या उशिरा ध्यानात आलं. तो तिथंच धोंड्यावर टेकला. शेळ्या अंगाला घासून पुढं जात होत्या. तो एकेकीच्या पाठीवर हात ठेवत राहिला.

धनाजीनं कपाळाचा घाम पुसला आणि मोबाईल काढला. "हॅलो. ऐक की, वर येऊ नगंस. न्हाई, न्हाई. इकायच्या न्हाईत."

तेवढ्यात ओढ्यापल्याडच्या वाडीवरनं गेनबाची लांबलचक हाक आली. गेनबा आणि नाथा जोडीनं शेळ्या राखत म्हातारे झाले होते.

"नाथाऽऽ! हायस का रंऽऽ?"

तोंडाला दोन्ही हात लावून धनाजी उत्तर द्यायला पुढं झाला. पारूबाईनं त्याला मागं ओढलं.

"तू गप ऱ्हा. तुला न्हाई इचारलं."

नाथा तोवर आसूड उगारून उभा राहिला होता.