ज्याच्या पातेल्यात सापडलं

चुलतभाऊ प्रभुअण्णाच्या बंदुकीनं आपला नेम लागतो का, एवढंच श्रीशैलला बघायचं होतं. नेम लागला, आणि माळावरचं काळवीट त्याच्याकडे बघत बघत पाय झाडून निपचित पडलं. घरात अंडंसुद्धा शिजत नाही, मग त्याचं करायचं काय? त्यानं ते शेतालगतच्या बाभळीखाली तसंच टाकलं, बंदूक अण्णाला परत नेऊन दिली आणि आंघोळ करून लिंगपूजेला बसला.

बार कुणीतरी ऐकला होता. सकाळी फॉरेस्टची जीप थेट श्रीशैलच्या शेतात आली. खतासाठी तिथं गुंडा धनगराची मेंढरं बसवलेली, आणि गुंडाच्या चुलीवरच्या पातेल्यात काळविटाचं मटण रटरटत होतं.

"बंदूक कुठं लपवलीस?" साहेबांनी दरडावलं.

"म्या न्हाय मारलं साहेब, बाभळीखाली पडल्यालं गावलं," गुंडा हात जोडून म्हणाला. "एवढा जीव गेलाय, त्यो वाया जाऊ ने म्हनून शिजवलं. मालकास्नी इचारा की! त्ये खोटं बोलायचे न्हाईत."

साहेब जीप बघून शेतात आलेल्या श्रीशैलकडे वळले. कपाळावरची विभूती बघून त्यांचा आवाज आपोआप नरमला. "तुम्हाला यातलं काही ठाऊक आहे का, मालक?"



श्रीशैलनं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि एक शब्दही खोटा न बोलता म्हणाला, "साहेब, आम्ही मटणाला शिवतसुद्धा नाही."