दुपारी एक ते तीन

दिवस पहिला. ३१ किलोमीटर.

"सायकलवरून पडले," झिल्के म्हणाली आणि सुजलेल्या डोळ्यावर पुन्हा ओला रुमाल धरला.

शेजारच्या गाडीतली रोझविता तो डोळा निरखत राहिली. तिची बहीण मार्लिस जिन्यावरून पडायची. तीनदा पडली. चौथ्यांदा उठली नाही. तिन्ही वेळा रोझविताने ते खरं मानलं होतं, आणि तेही तीस वर्षं हाडांच्या वॉर्डात नर्स असून.

झिल्केचा नवरा हेनिंग भांडी धुवायला निघाला होता. उंच, अबोल माणूस. कीमझे तळ्याकाठच्या कॅम्पवर ऊन रणरणत होतं, तरी सायकलच्या जर्सीची चेन गळ्यापर्यंत ओढलेली.

"बायको पडली का हो?"

त्याने आधी आपल्या मोटरहोमच्या खिडकीकडे पाहिलं. "हो. बोटीच्या धक्क्याजवळ. चूक माझीच. मी फार पुढे निघून गेलो."

रोझविता आपल्या गाडीत परतली. "ऐकलंस? चूक माझीच, म्हणाला. तेसुद्धा खिडकीकडे बघून."

"मीही तुझ्याकडे बघूनच बोलतो," ओटमार म्हणाला. चाळीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं शहाणपण आलं होतं. "तू नर्स होतीस की फौजदार?"

दिवस दुसरा. १८ किलोमीटर आणि एक बोट.

सायकली धक्क्यावर ठेवून चौघं तळ्यातल्या बेटावर जुन्या राजाचा महाल बघायला गेली. आरशांच्या दालनात रोझविताने राजवैभव पाहिलंच नाही. ती आरशातून त्या दोघांना पाहत होती. झिल्के हसत होती. तिने हेनिंगच्या कोपराला हात लावला, आणि त्याने तो झटकला. जणू विंचू चढलाय.

"राजा इथे जेमतेम दहा रात्री राहिला म्हणे," ओटमार कुजबुजला. "तुझ्यासारखी शेजारीण असती तर नऊच."

परतीच्या बोटीत रोझविता झिल्केजवळ सरकून बसली.

"फार रागीट आहे का तो?"

झिल्केने मान खाली घातली. "घर म्हटलं की थोडंफार व्हायचंच, बाई."

"मी शेजारीच आहे. नुसती हाक मार."

झिल्केने तिचा हात घट्ट दाबला. हेनिंग कठड्याशी एकटाच उभा होता.

दिवस तिसरा. ० किलोमीटर.

एक वाजला. कॅम्पच्या फाटकाचा दांडा खाली आला, ऑफिसला कुलूप लागलं. आता तीनपर्यंत गाडी हलणार नव्हती, चेंडू उडणार नव्हता. या वेळात कुणाला शिंक आली तर तो शेजाऱ्याची माफी मागतो.

एक वीस. शेजारच्या गाडीत धप्प झालं.

पुन्हा धप्प. काहीतरी फुटलं. मग घशातच दाबलेली किंकाळी. बाईची की पुरुषाची, कळू नये अशी.

सगळीकडचे पडदे हलले. पलीकडचा म्हातारा आरामखुर्चीतूनच खेकसला, "शांततेची वेळ आहे!"

कुणी उठलं नाही.

"ओटमार!"

"ऑफिस तीनला उघडेल. तेव्हा सांगू."

"तीनला काय, फुलं घेऊन जायचं?"

सायकलच्या कुलपाची साखळी दाराशीच होती. जाड, बोटभर पोलादाची. रोझविताने ती मनगटाला गुंडाळली आणि शेजारचं दार खेचलं.

हेनिंगने झिल्केची दोन्ही मनगटं कपाटावर दाबून धरली होती. पायाखाली फुटलेल्या बशा.

"बाई, तुम्ही जरा—" तो म्हणाला.

साखळी त्याच्या कानावर बसली. त्याचा एक हात सुटला आणि वर गेला. उगारलेला हात. मार्लिसने शेवटी हेच पाहिलं असेल. रोझविताने दुसरा घाव घातला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज तिच्या ओळखीचा होता. तिसऱ्या घावाला तो कोसळला, कपाळ सिंकच्या कडेवर आपटलं, आणि रक्त पायरीवरून गवतात उतरलं.

"झालं," रोझविता धापा टाकत म्हणाली. "आता तुला कुणी हात लावणार नाही."

अँब्युलन्स फाटकाशी अडली. ओटमारने खांदा लावून दांडा उचलला. आता मात्र सगळे खुर्च्या सोडून उभे होते.

अँब्युलन्सवाल्याने कात्रीने जर्सी गळ्यापासून कमरेपर्यंत कापली आणि तो थांबला.

छातीवर, फासळ्यांवर, दंडांच्या आतल्या बाजूला वळ होते. जांभळे, हिरवट, पिवळे. रोझविताच्या डोळ्यांनी न सांगताच हिशेब लावला: कालचे, गेल्या आठवड्यातले, महिन्यापूर्वीचे. खांद्यावर चटक्यांची सरळ रांग.

"हे सगळं आजचं नाही," तो हळूच म्हणाला. "कुणी केलं?"

झिल्के येऊन रोझविताला अगदी खेटून उभी राहिली. तिचा श्वास संथ होता.

"बाई," ती कानाशी म्हणाली, "तुमचा हात माझ्यापेक्षा जड आहे."