चालकाशी बोलू नये

गेममधलं अंतराळयान सातव्यांदा चंद्रावर आपटलं, तेव्हा जयवंतरावांची मुलगी मृण्मयी पोट धरून हसली. एक बटण दाबलं की यान भिरभिरायचं, दुसरं दाबलं की उलटं व्हायचं. एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या वडिलांची ती तारांबळ तिने मोबाइलवर टिपली आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली.

लगेच काकांचं उत्तर आलं, 'घाटात प्रवासी वाचले कसे?' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. जयवंतरावांनी चष्मा लावून सगळं सावकाश वाचलं. "माझ्या हातून एकही अपघात झाला नाही," एवढंच म्हणून ते उठले. मृण्मयीने व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो सगळ्यांनी पाहिला होता. तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून आली, तेव्हा ते पुन्हा खेळायला बसले होते. मांडीवरच्या वहीत त्यांनी प्रत्येक बटणाचं काम लिहून ठेवलं होतं.

"बाबा, माझं चुकलं," ती कशीबशी म्हणाली. "तुमचं हसं केलं मी."

त्यांनी पडद्यावरची नजर हटवली नाही, पण सरकून तिला जागा करून दिली.

"गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये," ते म्हणाले.