वीस मीटरची अट

गाडीवर ओरखडे पाच होते. तीन मागच्या बंपरवर, एक डाव्या आरशावर आणि एक दाराच्या मुठीखाली, नखाएवढा. अन्वी दाराला जवळजवळ नाक लावून बसली होती. रंगाची जाडी मोजायचं यंत्र तिनं एकेका पत्र्यावर टेकवलं आणि अठरा आकडे वहीत उतरवले. सगळे एकशे पाच ते एकशे तीस मायक्रॉनच्या आत होते.

"ओरिजिनल पेंट आहे, आजोबा. सगळीकडे."

सुखदेव चार पावलांवर हात मागे बांधून उभे होते. गर्द निळी बेंटली, पंधरा वर्षं जुनी, बारा सिलिंडर, कापडी छप्पर. लंडनजवळच्या रीडिंग गावातल्या त्या साध्या ड्राइव्हवेवर ती तळ्यासारखी शांत पसरली होती. आत आल्यापासून त्यांनी तिला हातही लावला नव्हता.

"हात लावा की, काका. चावत नाही ती," भावना दारातून म्हणाली. गाडी तिची होती. एडिनबराच्या हॉस्पिटलात तिला नोकरी लागली होती, म्हणून गाडी विकायची होती. "तिकडच्या पावसात छप्पर उघडायला वर्षातून दोन दिवस मिळणार. त्यातल्या एका दिवशी माझी शिफ्ट असणार."

सुखदेव हसले. नॉटिंगहॅमला त्यांनी एकतीस वर्षं डबलडेकर बस चालवली होती. आता वय एकोणऐंशी.

"माझ्या डोक्यावर एकतीस वर्षं चाळीस-चाळीस माणसं बसली," ते म्हणाले. "आता जरा आभाळ बसू दे."

अन्वीनं वहीत पाहिलं. तिथल्या तपासणीच्या यादीत शेवटी एक ओळ होती, ती आजोबांना माहीत नव्हती. आदल्या दिवशी तिच्या वडिलांनी, इंद्रजितनं, तिला बाजूला घेतलं होतं. "गाडी घेऊ देत त्यांना. पण आधी त्यांचे डोळे तपास. वीस मीटरवरून नंबर प्लेट वाचता आली पाहिजे, तो कायदाच आहे. नाही आली तर गाडी कॅन्सल, आणि लायसन्सपण परत करायचं. माझं ते ऐकणार नाहीत. तू फिजिक्सवाली, तुझे नंबर्स ते मानतात."

येताना सगळा वेळ तिच्या मनात तेच होतं. एकशे तीस मैल ती चालवत होती, आणि शेजारी आजोबा पाट्या मोठ्यानं वाचत होते. "पुढं पन्नास आहे, अन्वी. डावी लेन बंद आहे हं." बसड्रायव्हरची खोड. एकदा वैतागून ती म्हणाली होती, "आजोबा, रस्ता सांगायला सॅटनॅव्ह आहे ना!"

"असू दे. तो बोलतो, मीपण बोलतो," ते म्हणाले होते.

टायरची नक्षी साडेपाच मिलिमीटर खोल भरली. ब्रेकच्या चकत्या ठीक होत्या. तेल स्वच्छ होतं.

"अगं, भावना चहाचं विचारतेय," सुखदेव म्हणाले.

अन्वीनं मान वर केली, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या दिशेनं हसून हात हलवला आणि पुन्हा टायरकडे वळली.

"दोन बोटं दाखवून साखर किती विचारतेय ती. तू टाटा काय करतेस?"

भावनानं चहा बाहेर आणला आणि छताचं बटण दाबलं. अन्वीनं स्टॉपवॉच सुरू केलं. कापड उचललं गेलं, दुमडलं, मागच्या झाकणाखाली आवाज न करता नाहीसं झालं. पंचवीस सेकंद. आत पिवळसर कातडं, अक्रोडाचं लाकूड, आणि त्या सगळ्यावर सकाळचं ऊन.

सुखदेव आत बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. बराच वेळ ते वर बघत राहिले.

"घार आहे बघ," ते म्हणाले.

"कुठे?"

"गेली."

गाडी निर्दोष होती. अन्वीला वाटलं, एखादा तरी मोठा दोष निघायला हवा होता. मग शेवटच्या ओळीपर्यंत जावंच लागलं नसतं.

तिनं पिशवीतून तीस मीटरची टेप काढली आणि खरं ते सांगून टाकलं.

"इंद्रजितनं सांगितलं ना?" सुखदेव म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. "बरोबर आहे त्याचं. घे टेस्ट."

बेंटलीचा नंबर जाहिरातीत होता, तो पाठ असू शकतो. म्हणून तिनं रस्त्यापलीकडची पांढरी व्हॅन निवडली. जवळ जाऊन प्लेटचा फोटो काढला. टेपनं वीस मीटर मोजून खडूनं रेघ मारली. आजोबा रेघेवर उभे राहिले.

सुखदेवांनी सातही अक्षरं सलग म्हटली, स्टॉपची नावं पुकारावीत तशी. तिनं फोटोशी ताडून पाहिलं. सातही बरोबर.

"येस!" अन्वी ओरडली आणि आजोबांच्या गळ्यातच पडली. "घेतली! गाडी घेतली!"

भावनानं टाळ्या वाजवल्या. सुखदेवांनी मात्र अन्वीच्या हातातून टेपचं टोक घेतलं.

"आता तू."

"मी कशाला?"

"परत दोन गाड्या जाणार. एक मी नेणार, एक तू. कायदा दोघांनाही एकच."

"आजोबा, मी एकवीस वर्षांची आहे!"

"म्हणून तर लगेच होईल. व्हॅनच्या शेजारची ती लाल गाडी. वाच."

तिच्यापासून वीस मीटर मोजून अन्वी हसत उभी राहिली. तिनं डोळे बारीक केले. ऊन पाठीमागून येत होतं. मग तिनं एक पाऊल पुढं टाकलं, मग आणखी एक. भावनाच्या टाळ्या थांबल्या होत्या. टेपचं टोक लाल गाडीच्या प्लेटवर धरून सुखदेव उभे होते, आणि त्यांनी तिला घाई केली नाही.

किती अंतरावरून प्लेट वाचता येते ते सवयीप्रमाणे तिनं तीनदा मोजलं, दर वेळी वेगळ्या गाडीवर. सरासरी आली बारा पूर्णांक चार मीटर.