कोणत्या जनावराला कोणती गोळी

कोणत्या जनावराला कोणती गोळी लागू पडते, याचं वायोमिंगमधलं सगळं ज्ञान एकट्या डेल्बर्टच्या डोक्यात होतं. गाडीतून शिकार करायला बंदी आहे, एवढ्याला मात्र तिथे जागा उरली नव्हती. त्याने खिडकीतूनच रस्त्याकडेच्या हरणावर गोळी झाडली. हरणाने नुसती शेपटी हलवली.

"घोड्याएवढ्या एल्कसाठीची जड गोळी ही. आरपार गेली, त्याला कळलंच नाही," त्याने शेजारी बसलेल्या मेहुण्याला समजावलं. मग हलकी, आत जाऊन फुलणारी गोळी झाडली. हरणाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"दाजी, तेही ऐकतंय बहुतेक तुमचं."

तेवढ्यात झुडपामागून वनरक्षक बाहेर आला. त्याच्या हातात रिमोट होता.

"बंदूक द्या इकडे, साहेब. हरीण थर्माकोलचं आहे, पण लहानमोठ्या सगळ्या शिकाऱ्यांना लागू पडतं."