गळतीची चाचणी

धाकट्याने जेवणाच्या टेबलावर जाडसर टॉवेल अंथरला आणि कॉम्प्युटरची कॅबिनेट दोन्ही हातांनी उचलून हळूच कुशीवर निजवली. ओरखडा पडू नये म्हणून त्याने श्वाससुद्धा रोखून धरला होता. एका बाजूचं झाकण आणि आतला मोठा पंखा त्याने काढून ठेवला होता. कॉम्प्युटर गार ठेवायला त्या पंख्याच्या जागी आता पाणी खेळणार होतं.

बहीण वडिलांच्या खोलीतून हात पुसत बाहेर आली.

"मी रक्त तपासायला जाऊन येते. सोमवारी माझी गाठ काढायच्या आधी रिपोर्ट हवाय डॉक्टरांना."

"हं."

"सोमवारपासून आठवडाभर बाबांचं सगळं तुझ्याकडे. आज जरा सवय करून घे."

"ताई, ते लघवीच्या नळीचं मला खरंच जमायचं नाही. हात थरथरतात माझे."

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. प्रोसेसरपासून मागच्या जाळीपर्यंत, तारांच्या गर्दीतून, कशालाही न लागता तो एक दोरा ओवत होता.

"हे काय चाललंय?"

"मार्ग मोजतोय. इथून पाणी गरम होऊन निघणार, या जाळीत गार होणार, परत टाकीत येणार. पहिलीच वेळ आहे ना, म्हणून आधी दोऱ्याने आखायचं. नळी मागाहून कापायची." त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. "टाकी पंपाच्या वर हवी. वळण ऐसपैस हवं. घडी पडली की संपलं."

"का, काय होतं घडी पडली की?"

"पाणी अडतं. मागे साचत जातं, आणि मग नको तिथून वाट काढतं."

"कळतंय की तुला सगळं."

"हे वेगळं गं." तो हसला. "हे स्वच्छ असतं."

आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत चाललेला खोकला मध्येच थांबला.

बहिणीने आवाज खाली आणला. "थोड्या वेळाने त्यांना डाव्या कुशीवर वळव. पाठ लाल झालीय. नळी मांडीवरून घे, खालून नको. एवढंच."

"मांडीवरून. बरं. आणि चाचणी साध्या पाण्यावर करणार आहे, पण नंतर रंग कुठला घालू?"

"घाल तुला आवडेल तो."

"पिवळा सोडून काहीही," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसला. बहिणीने चपला घातल्या.

आराखडा पक्का करण्याआधी त्याने पंप, टाकी आणि जाळी नळीच्या तुकड्यांनी बाहेरच जोडून पाहिली. प्रत्येक सांध्याखाली एकेक पांढरा कागदी रुमाल ठेवला. एक थेंब जरी सुटला तरी कागदावर डाग उमटणार. पंप सुरू केला. पाणी नळीतून चढलं, बुडबुडे थोडा वेळ अडखळले आणि निघून गेले. आवाज जवळजवळ नव्हताच.

"छोट्या," आतून हाक आली. "कूस बदलायचीय ना रे?"

"आलो, बाबा."

सगळे रुमाल एकदा बघून झाल्यावर तो आत गेला. तोंड दुसरीकडे फिरवून त्याने बोटांच्या टोकांनी वडिलांचा खांदा ढकलला, मग कंबर ढकलली. वडील भिंतीकडे वळले. नळी मांडीखाली गेली. त्याने वरून चादर ओढली.

"ठीक?"

"हो. तुझं चालू दे."

टेबलावरचं एक वळण त्याला जरा आखूड वाटत होतं. त्याने ताटलीच्या कडेवर नळी वाकवून पाहिली, कापली, पुन्हा वाकवली. मनासारखा गोल येईना. आतून हाक आली. मग आणखी एक आली, आधीपेक्षा बारीक.

"दोन मिनिटं, बाबा. चाचणी मध्येच सोडता येत नाही."

त्यानंतर हाक आली नाही.

बहीण परतली तेव्हा तिच्या कोपरावर कापसाचा बोळा चिकटवलेला होता. धाकट्याने ओठांवर बोट ठेवलं.

"ऐक. काही ऐकू येतंय?"

"नाही."

"तेच तर."

ती आत गेली. पलंगाला लटकवलेली लघवीची पिशवी तशीच रिकामी होती. चादर कमरेपासून गुडघ्यापर्यंत भिजली होती. वडिलांनी उशीचं टोक दातांत धरलं होतं आणि त्यांचं ओटीपोट दगडासारखं लागत होतं. तिने मांडीखाली हात घालून नळी सोडवली, सरळ केली. वडिलांनी डोळे मिटले. पिशवी भरू लागली, आणि बराच वेळ भरतच राहिली.

धाकटा नाकावर हात धरून दारात उभा होता.

"घडी पडली होती," तो उंबऱ्यापलीकडूनच म्हणाला. "इथूनसुद्धा दिसतंय. कुणी घातली ही अशी?"

बहिणीने मान वर केली.

"मीच हललो असेन," वडील भिंतीला म्हणाले.

"बघ. म्हणून म्हणत होतो, हे मला जमणारं नाही." तो परत टेबलाकडे गेला.

एका हातात नळी तशीच धरून बहिणीने दुसऱ्या हाताने हॉस्पिटलला फोन लावला.

"सोमवारी माझं नाव ठेवू नका," ती म्हणाली. पलीकडचं माणूस बराच वेळ बोलत होतं. "हो, गाठ वाढतेय, माहीत आहे मला. तरी नको."

बाहेर धाकटा एकेक रुमाल उचलून खिडकीच्या उजेडात धरत होता.

"ताई," त्याने हाक मारली, "ये ना जरा बघायला. एक थेंब नाही."