पहिला अखंड तुकडा

तापवणे.

कार्बनच्या तंतूंचा काळा पत्रा मऊ पडला. यंत्राचा जबडा मिटला. विमानाच्या पंखातली फासळी घडवायची, आणि आजवरचा प्रत्येक तुकडा याच कोपऱ्यात फाटलेला. जबडा उघडला.

हा फाटला नव्हता.

"मूल झालं, मूल!" यंत्रावरचा त्यार्क ओरडला. "कुणावर गेलंय बघा!"

वीबके कोपऱ्यावर वाकली. पत्रा कुठे किती ताणला जातो ते कळावं म्हणून त्यावर पांढरे ठिपके तिनेच काढले होते, सारख्या अंतरावर. कोपऱ्यात ते एकमेकांपासून फार लांब गेले होते.

ताणणे.

"तंतू सरकायलाच हवेत," विभागप्रमुख एनो म्हणाला. "म्हणून तर आखूड कापले."

"सरकायला हवेत. सुटायला नकोत," वीबके म्हणाली. "आत पोकळी असली तर बाहेरून कळणार नाही. कापून बघू."

"उद्या विमान कंपनीची माणसं येतायत. त्यांना काय दाखवू, भुसा?"

"आणि ते हा घेऊन गेले तर?"

"नेणारच. आवडला तर पुढचं काम आपलं. नाही तर आपण तिघं एल्बे नदीकाठी सफरचंदं तोडायला मोकळे."

"मला शिडीची भीती वाटते," त्यार्क म्हणाला.

एनोने स्पिरिटचा बोळा घेतला. "हे ठिपके तरी पुसतो. पाहुण्यांना वाटेल, गोवर आलाय."

"पुसू नकोस, एनो. यावर माणसं उडणार आहेत."

बोळा कोपऱ्यापाशी थांबला. एनो ठिपक्यांकडे बघत राहिला. मग त्याने तुकडा खिडकीत ठेवला आणि जेवायला निघून गेला. एकटाच.

निववणे.

दुपारी तो परत आला. खिडकीतला तुकडा उचलून त्याने करवतीच्या टेबलावर ठेवला. बटण दाबलं. पातं फिरू लागलं, पात्यावर पाण्याची धार.

"ये. तूच काप."

"खरंच?"

"तुझं बरोबर आहे. काप."

त्यार्क दाराशी उभा होता, हात खिशात. त्याने मान दुसरीकडे वळवली.

वीबके पुढे झाली. पातं फिरत होतं. नुसतं ढकलायचं होतं. मग कळलंच असतं.

"काय झालं?" एनोने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

तिने हातमोजा काढला. जेवणाच्या सुट्टीभर उघड्या खिडकीत पडून गार झालेल्या त्या तुकड्याच्या कोपऱ्यावर तळवा टेकवला.

"अजून गरम आहे," ती म्हणाली.